पाठीवर एक, पोटावर एक

माझा भाऊ तंबू शिवतो. तंबू, दुकानांवरची कापडी छपरं, ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, होड्यांची झाकणं. ज्याला जाड कापड आणि जाड सुई लागते असं काहीही. पण शिवलेलं छप्पर दुकानावर चढवायला तो स्वतः कधी जात नाही. शिडीच्या दोन पायऱ्या चढला की त्याचे पाय लटपटायला लागतात. मग तो खाली उभा राहतो आणि वर चढलेल्या माणसाला ओरडून सांगतो, "डावीकडे ओढ! अजून! हां, आता बांध." घरही त्यानं तळमजल्यावरचंच घेतलं. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, बाजूला झोपायची खोली. गल्लीत त्याला सगळे 'तंबू' म्हणतात आणि तोही बिनतक्रार ओ देतो.

मी त्याची मोठी बहीण. शहराची बस चालवते. आमचे वडील लवकर गेले, आणि हा तंबूंचा धंदा आईनं चालवला. तिच्या हाताखाली शिवायला मी, आणि स्वयंपाक याच्याकडे. ओट्यापर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासून स्टुलावर उभा राहून तो बटाटे परतायचा. आईचे हात दिवसभर मेण लावलेल्या दोऱ्यानं चिकट झालेले असायचे, त्यामुळे जेवण तयार मिळणं तिला फार सुखाचं वाटायचं. ताटाकडे बघून म्हणायची, "माझ्या लेकाच्या हाताला चव आहे आणि लेकीच्या जिभेला धार." पुढे मी शिवणातून सुटले आणि स्टेअरिंग धरलं. तो शिवणात शिरला, पण पातेलं काही सोडलं नाही.

वहिनी शाळेत खेळ शिकवते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलं तिला 'शिट्टीबाई' म्हणतात. दर रविवारी पाचपंचवीस माणसांना घेऊन शहरामागच्या डोंगरावर जायची. पहिल्यांदा ती दुकानात आली ती तंबूची चेन गेली म्हणून. मग शिवण उसवली म्हणून. मग पितळी कडी निघाली म्हणून. मी भावाला म्हटलं, "अरे, एकच तंबू इतक्यांदा कसा बिघडतो?"

"कापड जुनं आहे, ताई," तो म्हणाला.

कापड कसलं जुनं! कोरं करकरीत होतं. पण आमच्या भोळ्या सांबाला कळायला वेळ लागला. लग्न ठरलं तेव्हा ओळखीच्या लोकांनी खूप थट्टा केली. ती डोंगराच्या शेंड्यावर, हा तळमजल्यावर, यांची गाठ पडणार कुठे? गाठ पडायची ती जेवणाच्या टेबलावर. रविवारी ती दमून, चिखलानं माखून यायची आणि हा गरम पाव, लोणी आणि कसलं तरी दाट सूप समोर ठेवून विचारायचा, "आज वरून काय दिसलं?" ती सांगायची, तो ऐकायचा. तिनं पाहिलेला सगळा डोंगर त्याला असा घरबसल्या पाठ झाला होता.

मग वहिनीला दिवस राहिले. तपासणीहून दोघं आले तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. भाऊ थेट आत गेला आणि कांदा चिरायला लागला. मी घाबरले. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"दोन आहेत," वहिनी म्हणाली.

"दोन काय?"

"ताई, दोन म्हणजे दोन!" असं म्हणून ती हसत सुटली आणि आतून भावाचं नाक ओढल्याचा आवाज आला. कांदा होता की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

बाळं वेळेच्या आधी आली, आणि ऑपरेशन करून काढावी लागली. आधी मुलगी, मागोमाग मुलगा. गंमत अशी की मोठी ती चिमणीएवढी आणि धाकटा चांगला गुटगुटीत. तरी आम्ही तिला थोरली म्हणायला लागलो आणि त्याला धाकटा. थोरलीला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. भाऊ रोज पेटीपाशी उभा राहायचा आणि आत तिच्या मुठीत बोट द्यायचा. तिथल्या नर्सनं मला हळूच विचारलं, "हे काय काम करतात हो? बोटं केवढी राठ आहेत, पण हात किती हलका!" तंबू शिवतो, असं मी सांगितलं, जरा ताठ मानेनंच सांगितलं.

घरी आल्यावर मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एक झोपलं की दुसरं जागं. एकाचं पोट भरलं की दुसऱ्याचं रिकामं. दुपट्यांचा डोंगर. मी ड्यूटी संपवून थेट तिथेच जायचे. भावाच्या मशीनशेजारी आता पाळणा आला होता आणि मशीनची घरघर चालू असली की दोघं गुपचूप पडून राहायची. मशीन थांबली की भोंगा सुरू. त्या महिन्यांत त्याची कामं इतकी भराभर झाली की गिऱ्हाईक चकित! दोघं झोपावीत म्हणून तो मशीन चालवत राहायचा, आणि मशीन चालते आहे तर कापड तरी का वाया घालवा म्हणून शिवत राहायचा.

आणि स्वयंपाक. एका हातावर धाकटा आडवा, दुसऱ्या हातात डाव. भोपळा भाजायचा, लसूण चुरडायचा, मसूर शिजवून घोटायचा, वर लोण्याचा गोळा. अंडी उकडून बशीत सोलून ठेवायची, कारण वहिनीला सोलायलाही हात मोकळा नसायचा. कित्येकदा तिच्या दोन्ही मांड्यांवर दोन बाळं आणि हा समोर बसून चमच्यानं तिला भरवतोय, असं मी पाहिलं आहे. "आ कर," तो म्हणायचा. ती म्हणायची, "घरात तीन बाळं झाली आहेत." हा म्हणायचा, "तिसरं फार बडबडतं."

पण हळूहळू तिसरं गप्प व्हायला लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या छपरांवर डोंगराची धार दिसते. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन तिथे उभी राहायची आणि राहतच जायची. तिच्या रविवारच्या मंडळींनी दुसरा म्होरक्या शोधला होता. ती मंडळी भेटायला आली, खेळणी देऊन गेली. ती गेल्यावर वहिनीनं ताटातलं तसंच ठेवलं. भाऊ कधी ताटाकडे बघे, कधी तिच्याकडे.

"मीठ कमी आहे का?"

"नाही रे."

"मग?"

"मला वर जायचंय," ती म्हणाली. "ही दोघं मला हवीच होती. पण मी अजून तीच आहे का, हे मला बघायचंय. चिडू नकोस."

"चिडतोय कुठे? खाऊन घे," तो म्हणाला. आणि जेवण आटोपल्यावर दुकानात जाऊन त्यानं कपाटातून सगळ्यात मऊ कॅनव्हासचा गठ्ठा काढला.

त्याच्या मनात काय आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बसच्या थांब्यावर बायका हसत होत्या म्हणून मी बाहेर पाहिलं, तर माझा भाऊ फुटपाथवरून चालला आहे, छातीवर एक झोळी, पाठीवर एक झोळी, आणि झोळ्यांमधून डोकावत आहेत बटाटे आणि कांदे!

मी बस थांबवून दार उघडलं. "हे काय सोंग?"

"थोरलीच्या वजनाचे कांदे आहेत, धाकट्याच्या वजनाचे बटाटे," तो घाम पुसत म्हणाला. "खांद्याला कुठे रुततं ते बघतोय. तू जा, तुझे लोक खोळंबलेत."

त्या झोळ्या त्यानं कितीदा उसवल्या आणि पुन्हा शिवल्या याला गणती नाही. पहिल्या वेळी पट्टे मानेला काचले. मग त्यानं पट्ट्यांत लोकर भरली. मग बाळाचे पाय लोंबकळताहेत असं वाटलं, म्हणून बूड रुंद केलं. वहिनीनं घालून पाहिली तर कमरेचा पट्टा नेमका ऑपरेशनच्या टाक्यांवर दाबत होता. तिनं ओठ आवळले. त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि तिथल्या तिथे कात्री घातली. नवा पट्टा बरगड्यांखालून, बराच वरून फिरवला आणि पाठीत फुली मारून खांद्यांवर भार टाकला. सगळीकडे दुहेरी शिवण आणि ओढ बसेल तिथे तिहेरी. मग स्वतः झोळी आढ्याच्या हुकाला टांगून तिच्यात दळणाचं पोतं ठेवलं आणि दिवसभर तसंच राहू दिलं. टाका हलला नाही.

बाळांनी मान धरली, तेव्हा दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी झोळी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "चालायला हरकत नाही. पण आईनं एकच उचलायचं, तेही हलकं. थोरलीला घ्या. दुसरं कुणीतरी घेईल."

घरी आल्यावर हे दुसरं कुणीतरी कोण यावर बैठक बसली. भावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझी कंबर बसच्या सीटला वाहिलेली आहे. मी फार तर पातेलं उचलीन." मग वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. तो धाकट्याचं लाळेरं नीट करण्यात फारच गुंतला होता.

"तू नाही आलास तरी चालेल," ती म्हणाली.

"येतो की," तो लाळेऱ्याकडेच बघत म्हणाला. "झोळी मी शिवलीये. ती कशी चालते ते मला बघायला नको?"

मग त्याचा सराव सुरू झाला. आधी इमारतीचा जिना. धाकट्याला छातीशी बांधून तो भिंतीकडच्या बाजूनं चढायचा. वरच्या मजल्यावरची दर्जीणकाकू दार उघडून रोज विचारायची, "आज कुठवर मजल?" आधी तो तिच्या दारापर्यंतच जायचा आणि पाणी पिऊन परतायचा. मग गच्चीच्या दारापर्यंत. मग गच्चीत, पण मधोमध, कठड्यापासून लांब. धाकटा मात्र वर गेला की खूश! दोन्ही हात हलवून कावळ्यांना हाका मारायचा.

रविवारी आम्ही पाचही जण बाहेर पडायला लागलो. आधी कालव्याकाठची सपाट वाट. मग पाण्याच्या टाकीमागची टेकडी. चढताना भाऊ खाली बघायचा नाही, फक्त वहिनीच्या बुटांच्या टाचांकडे बघायचा. वर पोचलो की मात्र राज्य त्याचं. छोटा स्टोव्ह निघायचा, वारा अडवायला त्यानंच शिवलेला कापडी आडोसा चार काठ्यांवर उभा राहायचा आणि बघता बघता बटाटे, कांदा, अंडी एकत्र परतल्याचा असा वास सुटायचा की शेजारच्या चादरीवरची माणसं माना वळवायची. उघड्यावर अन्नाला वेगळीच चव येते, हे मला माहीत होतं. पण वहिनीच्या गालांवर परत आलेला रंग मी बघत होते. थोरली अजून लहानखुरीच होती, पण वारा तोंडावर आला की डोळे मोठे करून असं बघायची, जणू हा डोंगर तिनंच बांधायला दिला होता आणि काम बरोबर झालंय का ते तपासते आहे.

आणि मग एका स्वच्छ सकाळी आम्ही मोठ्या डोंगरावर निघालो.

वाट आधी झाडीतून जाते, मग एका रुंद गवताळ माळावर येते. तिथून पुढे खडकाच्या कडेनं एक पायवाट कोरलेली आहे. दोन माणसं शेजारीशेजारी चालतील एवढी रुंद, बाहेरच्या बाजूला लोखंडी कठडा. पोरंसोरंही तिथून धावत जातात. पण कठड्यापलीकडे काही नाही. म्हणजे खूप खाली आमचं शहर आहे. मधे काही नाही.

वहिनी थोरलीला घेऊन चार पावलं पुढे गेली. मागे भावाच्या बुटांचा आवाज येईना, म्हणून वळली. तो कठड्याच्या पहिल्या खांबापाशी उभा होता. चेहरा पांढराफटक. एक हात धाकट्याच्या पाठीवर, दुसरा खडकावर.

"माझ्या टाचांकडे बघ," ती म्हणाली.

"बघतोय. त्यांच्या पलीकडचंही दिसतंय."

"मी हात धरते."

त्यानं मान हलवली. त्याचा आवाज अगदी शांत होता. "नको. पोटाशी पोर आहे. पाय लटपटत असताना मी पुढे येणार नाही. थोरलीला माझ्याकडे दे, आणि तू जाऊन ये."

"आपण सगळे मिळून जायचं ठरलं होतं ना!"

"ठरलं होतं. आता दुसरं ठरवू. तुला वर जायचंय, मला नाही. मी माळावर जातो, सूप करतो. तू ये."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ती आता परत फिरणार. भावालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं जरा जोरातच म्हटलं, "अगं, बटाट्यांचा सराव मी उगाच केला का? बांध तिला माझ्या पाठीला!"

मी थोरलीला अलगद काढलं आणि त्याच्या पाठीवर बांधलं. पोटावर एक, पाठीवर एक, असा तो वळला आणि माळाच्या दिशेनं एकेक पाऊल जपून टाकत निघाला. वहिनी जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं शिट्टी शर्टाच्या आतून बाहेर काढली, बुटाची नाडी आवळली आणि गेली. तिची चाल मी ओळखली. लग्नाआधी दुकानात यायची, ती चाल.

माळावर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या तंबूनं काहीही न विचारता सांगितलं, "माझी बायको वर गेलीये." एका माणसानं तर फक्त काडेपेटी मागितली होती.

सूप उकळायला लागलं तेव्हा मागच्या अंगानं धुकं आलं. आधी झाडी गेली, मग खडक गेला, मग शेजारचं झुडूपही दिसेना. भावानं कापडाचा आडोसा मोडून त्याचं छप्पर केलं, खुंट्या ठोकल्या, मला आणि बाळांना आत बसवलं. दोघांनाही गरम बाटल्या दिल्या. ती पीत पीतच झोपली. मी मात्र वरच्या वाटेकडे बघत होते. वर दोन वाटा फुटतात हे वहिनीनंच आम्हाला सांगितलं होतं. एक खाली माळावर येते आणि दुसरी घळीत उतरून भलतीकडेच जाते.

"तिला वाट माहीत आहे," मी म्हटलं.

"डोंगर माहीत आहे. धुक्यात कुणाला काय दिसतंय?" तो म्हणाला. मग त्यानं सूप माझ्या बसमधल्या मोठ्या थर्मासमध्ये ओतलं, एक थेंब न सांडता. पातेलं फडक्यानं पुसलं आणि डावानं बडवायला सुरुवात केली.

काय तो आवाज! घरी चमचा पडला तरी किंचाळून उठणारी ही दोन रत्नं त्या ढणढणाटात पाय पसरून झोपली होती. मी हसावं की रडावं! भाऊ थांबून कान द्यायचा, पुन्हा बडवायचा. उत्तर नाही.

"खडक आवाज अडवतोय," तो म्हणाला. "कठड्याच्या वाटेवर, वळणाच्या पलीकडे गेलं पाहिजे." त्यानं धाकट्याची रिकामी झोळी उचलली, पातेलं काखेत मारलं आणि गेला. मी काही बोलायच्या आतच धुक्यात दिसेनासा झाला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी दोन बाळांच्या मधे बसून नुसता आवाज ऐकत होते. आधी जवळ, मग लांब, मग खडकापलीकडून घुमत आलेला. खूप वेळ तेवढंच. आणि मग, अगदी बारीक, शिट्टी. पातेलं, शिट्टी. पातेलं, शिट्टी. जीव भांड्यात पडला असं आपण सहज म्हणतो. माझा त्या दिवशी खरोखरच पडला.

तिथे काय झालं, ते वहिनीनं सांगितलं. ती वर पोचली होती. लख्ख उन्हात चारी दिशा पाहिल्या होत्या. उतरताना धुक्यानं गाठलं. वाटेत एक वयस्कर जोडपं भांबावून बसलेलं भेटलं, त्यांना तिनं बरोबर घेतलं. फाट्यापाशी ती हातानं खुणेचे दगड चाचपत होती, तेवढ्यात खालून पातेल्याचा आवाज आला. मग चाचपायची गरज उरली नाही. ती शिट्टी वाजवत, त्या दोघांना सांभाळत कोरलेल्या वाटेनं आली. तर वळणाच्या पलीकडे, वाटेच्या मधोमध हा बसलेला. झोळीचे पट्टे कठड्याच्या खांबाला आणि स्वतःच्या कमरेला बांधलेले. डोळे गच्च मिटलेले. आणि पातेल्यावर डाव पडतोच आहे, पडतोच आहे. ती पुढ्यात येऊन उभी राहिली तरी थांबेना.

"अरे, बास! आले मी."

त्यानं एक डोळा उघडला. "किती जण आहात?"

"तिघं."

"सूप पुरेल," तो म्हणाला आणि डोळा पुन्हा मिटला.

पट्टे तिलाच सोडावे लागले. त्याची बोटं वळत नव्हती. मग हाताला धरून तिनं त्याला माळावर आणलं. धुक्यातून ती चौघं आली तेव्हा मी छपराखालून बाहेर धावले. म्हाताऱ्या बाई थरथरत होत्या. त्यांच्या हातात सुपाचा कप दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "तो आवाज कोण काढत होतं?"

वहिनी थोरलीला पाजायला बसली होती. तिनं मान वर केली. "माझा नवरा," ती म्हणाली.

दोनच शब्द. पण मी इतकी वर्षं बस चालवते, रोज शेकडो माणसांचं बोलणं कानावर पडतं. कुणी आपल्या माणसाचं नाव त्या आवाजात घेतलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

भाऊ लाजला आणि पाव कापायला लागला. मी विचारलं, "तिथवर गेलास कसा रे?"

"दरी दिसत नव्हती ना," तो म्हणाला. "दिसत असती तर नसतो गेलो." थोडा वेळ कापत राहिला आणि म्हणाला, "गेलो असतो म्हणा. पण रडत."

नंतर मी वहिनीला एकटीला गाठून विचारलं की पातेलं नसतं तर? ती हसली. "आले असते मी, ताई. पण शोधत आले असते. त्याच्यामुळे चालत आले."

त्यानंतर वहिनी पुन्हा रविवारच्या मंडळींची म्होरकी झाली. माझा भाऊ आजही कठड्याच्या वाटेनं जात नाही. कुणी आग्रह केलाच तर सरळ सांगतो, "मला भीती वाटते. तुम्ही जाऊन या, जेवायला काय करू?" असं बिनदिक्कत सांगणारा पुरुष मी दुसरा पाहिलेला नाही. माळावरची त्याची जागा आता ठरलेली आहे आणि डोंगरावरून उतरणारी माणसं त्या जागेकडे वळून बघतात.

बाळं आता बाळं राहिलेली नाहीत. थोरली काटकुळी आणि तुरतुरीत झाली आहे. धाकटा गोलमटोल, आणि प्रत्येक गोष्ट आधी चाखून बघणारा. गेल्या महिन्यात थोरली आईचं बोट धरून पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी शेंड्यापर्यंत गेली. धाकट्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "मी बाबाजवळ थांबतो, वाटाणे सोलायचेत." कुणी त्याला भित्रा म्हटलं नाही आणि तिला कुणी शूर म्हटलं नाही. आमच्याकडे ते दोन्ही शब्द फारसे वापरत नाहीत.

त्या दिवशी मीही माळावर होते. भाऊ पाव भाजत होता आणि धाकटा पाच वाटाणे भांड्यात, एक तोंडात, अशा हिशेबानं काम करत होता. थोरली उतारावरून पळत आली, थेट बापाच्या अंगावर आदळली आणि धापा टाकत सांगायला लागली की वरून आपलं घर दिसतं, आत्याची बस दिसते आणि एक गाय दिसते, ती एवढीशी आहे. भाऊ ऐकत होता. मधेमधे विचारत होता, "बस कुठल्या बाजूला होती? गाय उभी होती की बसलेली?" ती बसलेली होती. मग तिला भूक लागली. तिनं दोन वाट्या सूप संपवलं, पावाला लोणी लावून मागितलं आणि तो घासभर खाऊन होईपर्यंत बसल्या जागी झोपली. लोणी गालाला लागलं होतं. भावानं तिच्या हातातला पाव हळूच काढून घेतला, तिचे बूट सोडले, आत गेलेले बारीक खडे झटकले आणि बूट उन्हात ठेवले. धाकट्यानं तो उरलेला पाव मागून घेतला आणि संपवला.